उभ्या गाडीचं ऑइल : किती दिवसांनी बदलावं?



हंगाम संपला, पट्टा पडला की कारखान्याच्या यार्डातली धावपळ थांबते. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर दावणीला लागतात. कुणाची जुनी जीप गोठ्याशेजारी उभी असते. कुणाच्या दारात चारचाकी असते, पण ती आठवड्याच्या बाजाराला, लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्याला लागली तरच बाहेर निघते. अशा उभ्या गाड्यांबद्दल एकच सवाल आमच्याकडे वारंवार येतो. "दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणून पुस्तकात लिहिलंय. आमची गाडी वर्षात दीड-दोन हजारसुद्धा फिरत नाही. मग ऑइल कशापायी बदलायचं?"

सवाल रास्त आहे. पैसा घामाचा आहे आणि चांगल्या दिसणाऱ्या वस्तूवर तो उगाच खर्च करावा असे आम्हीही म्हणणार नाही. पण ह्या हिशेबात एक गोष्ट सुटते, आणि ती सुटल्यामुळे कमी फिरलेल्या गाडीचे इंजिन जास्त फिरलेल्या गाडीच्या आधी खोलावे लागते. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो : गाडी कितीही कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावा. असे का, कोणत्या गाडीला त्याहून लवकर, आणि उतरवलेल्या ऑइलचे काय करावे, ते येणेप्रमाणे.

उभा ऊस आणि तोडलेला ऊस

सील न फोडलेला ऑइलचा डबा सावलीत ठेवला तर साधारण पाच वर्षे टिकतो. म्हणजे नुसत्या दिवसांनी ऑइल नासत नाही. मग गाडीतले ऑइल वर्षात का बदलायचे?

आपल्याला समजेल असा दाखला देतो. फडात उभा असलेला ऊस चार दिवस उशिरा तोडला तर आभाळ कोसळत नाही. पण कोयता लागून तो जमिनीवर पडला, की घड्याळ सुरू झाले. ऊन लागते, टोके उघडी पडतात, साखर मोडू लागते आणि दिवसागणिक उतारा घटतो. मग तो ऊस गाडीत बसून दहा किलोमीटर गेला की शंभर, याला महत्त्व नाही. तोडून किती तास झाले याला आहे.

ऑइलचे तसेच आहे. डब्यातले ऑइल म्हणजे उभा ऊस. इंजिनात ओतून एकदा गाडी सुरू केली की तो तोडलेला ऊस झाला. कारण आता त्यात पाणी, काजळी, न जळलेले इंधन आणि आम्ल मिसळू लागले. गाडी उभी राहिली म्हणून हे पदार्थ निघून जात नाहीत. ते ऑइलच्या चेंबरमध्ये बसून आपले काम करीत राहतात.

इंजिनात पाणी येते कोठून?

पुष्कळांना हे पटत नाही. "रेडिएटर तर ठीक आहे, पाणी आत जाईलच कसं?" पण पाणी बाहेरून येत नाही, ते इंजिनातच तयार होते. पेट्रोल असो वा डिझेल, त्यात हायड्रोजन असतो आणि तो जळला की त्याचे पाणीच होते. हिशेब सोपा आहे : १ लिटर इंधन जळाले की जवळजवळ १ लिटर पाणी बनते. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळतात ते हेच पाणी.

त्यातले बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. पण पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडी वाफ आणि धूर खाली चेंबरकडे उतरतो. इंजिन तापलेले असेल तर ही वाफ ब्रीदरवाटे बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर ती गार लोखंडावर दव जमावे तशी जमते आणि ऑइलमध्ये ओघळते.

आता तापण्याचे गणित बघा. मीटरवरचा पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापले, असे समजू नये. ऑइल पाण्याच्या मागे राहते आणि त्याला आणखी तेवढाच वेळ लागतो. ऑइल ८०-९० अंशांवर काही वेळ टिकले तरच त्यातले पाणी आणि इंधन उडून जाते. वस्तीवरून गावात दूध घालायला जायचे, तीन किलोमीटर जाणे आणि तीन येणे, एवढ्यात ऑइल कोमटच राहते. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ह्या सहा किलोमीटरांत सुमारे ४०० मिलिलिटर पाणी तयार झाले. त्यातले थोडे जरी रोज खाली उतरले तर वर्षात काय होईल, याचा अंदाज आपणच करावा.

म्हणजे कमी किलोमीटर ही कमी झीज नव्हे. दीड हजार किलोमीटर जर तीन-तीन किलोमीटरच्या पाचशे फेऱ्यांत झाले असतील, तर तेच ऑइल सलग पुण्या-मुंबईला जाऊन दहा हजार फिरलेल्या ऑइलपेक्षा वाईट अवस्थेत असू शकते.

चुन्याची निवळी संपते तेव्हा

ऑइल म्हणजे नुसते वंगण नव्हे. ते घासणारे भाग वेगळे ठेवते, उष्णता वाहून नेते, काजळी पोटात धरून ठेवते, आणि आम्लाला मारून लोखंड-बेअरिंगला गंज चढू देत नाही. शेवटच्या कामासाठी ऑइलमध्ये कारखानदार क्षार मिसळतात.

आपल्या कारखान्यात रस कसा साफ होतो ते सर्वांनी पाहिले आहे. उसाचा रस मुळात आंबट असतो. त्यात चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारतात, नाहीतर साखर मोडते. ऑइलमधला क्षार हीच निवळी समजा. डिझेल इंजिनाच्या नव्या ऑइलमध्ये तिचा आकडा साधारण ८ ते १२ असतो. धुरातून येणारे आम्ल रोज थोडी थोडी निवळी खाते, पाण्याच्या संगतीने तर अधिकच. निवळी संपली की आम्ल बेअरिंगच्या मऊ धातूवर चढते. गाडी उभी असली तरी चढते. उलट उभ्या गाडीत वरचे ऑइल निथळून गेलेले असते, तेव्हा सिलिंडरला आणि कॅमला गंज धरायला आणखी सोपे जाते.

एक गोष्ट पूर्वीपेक्षा चांगली झाली आहे, तीही सांगितली पाहिजे. डिझेलमधला गंधक हा आम्लाचा मोठा धनी होता. बी.एस.-३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ३५० भाग होती. बी.एस.-४ मध्ये ती ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बी.एस.-६ मध्ये फक्त १० उरली. म्हणून आजचे ऑइल जास्त टिकते आणि पूर्वीच्या अँबॅसिडर-फियाटच्या काळासारखे थोड्या थोड्या किलोमीटरला बदलण्याची गरज राहिलेली नाही. जुने ड्रायव्हर अजून तसे सांगतात, पण लांब पल्ल्याला फिरणाऱ्या गाडीला तो खर्च फुकट आहे. मात्र गंधक कमी झाला म्हणून पाणी कमी झालेले नाही. उभ्या गाडीचा वैरी गंधक नव्हता, पाणी हाच होता आणि आहे.

आपले इथेनॉल आणि आपले ऑइल

"पेट्रोलमध्ये तुमचं इथेनॉल आलं आणि इंजिनं बिघडायला लागली," असा टोमणा हल्ली गावोगाव ऐकू येतो. आपण उसाचे धनी, म्हणून ह्याचे उत्तर आपल्याला नीट माहीत पाहिजे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाले त्यांत आपल्या राज्यातील मिरज आणि मनमाड होते. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले आणि २०२५ मध्ये देशाने सरासरी २० टक्क्यांचा टप्पा गाठला. मळीला आणि रसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, हे आपण जाणतोच.

आता ऑइलपुरते बोलू. थंड इंजिनात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. त्यामुळे गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर थोडे इथेनॉल आणि पाणी मिळून ऑइलमध्ये दुधाळ खव्यासारखा थर बनवू शकते. पण इथेनॉल ७८ अंशांनाच उकळते. गाडी एकदा नीट तापवून सलग चालवली की ते पेट्रोलच्या जड भागापेक्षा लवकर उडून जाते. म्हणजे दोष इंधनाइतकाच आपल्या चालवण्याच्या सवयीचा आहे, आणि औषध सोपे आहे : लांब फेरी आणि वर्षाला ऑइल बदल.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर रबरी नळ्या आणि पॅकिंग फिटरकडून पाहून घ्यावे. आणि उभ्या गाडीत पेट्रोल सहा-सहा महिने साठवू नये, दोन-तीन महिन्यांत वापरून टाकावे. टाकीचे झाकण घट्ट असावे, कारण पावसाळी हवेतली ओल इथेनॉल ओढून घेते.

"रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवतो"

हे वाक्य आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचा वेगळा परामर्श घ्यावा लागतो. घरधनी कौतुकाने सांगतात, "गाडी बाहेर नेत नाही, पण रोज सकाळी पाच मिनिटं सुरू करून बंद करतो. इंजिन मोकळं राहतं."

इंजिन मोकळे राहत नाही, त्यात रोज पाणी भरले जाते. पाच मिनिटांत अर्धी वाटी पेट्रोल जळते आणि जवळजवळ तेवढेच पाणी बनते. ऑइल तापत नाही, सायलेन्सर तापत नाही, पाणी दोन्हीकडे जमते. सायलेन्सर आतून कुजतो. बॅटरीचेही नुकसानच होते, कारण स्टार्टर जेवढा करंट खातो तेवढा पाच मिनिटांच्या रेसवर परत भरत नाही. हे म्हणजे बैल रोज गोठ्याच्या दारापर्यंत आणून परत बांधण्यासारखे झाले. त्याचे पाय मोकळे होत नाहीत आणि रानातले कामही होत नाही.

त्यापेक्षा पंधरा-वीस दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढून सलग २०-२५ किलोमीटर चालवावी. तालुक्याच्या गावी जाऊन यावे, कारखान्यावर बिल घ्यायला यावे. त्यात ऑइल तापते, पाणी उडते, बॅटरी भरते, टायर एका जागी बसत नाहीत, ब्रेकवरचा गंज उतरतो. हे जमत नसेल तर गाडी मुळीच सुरू न करता उभी ठेवलेली बरी. बॅटरीची एक वायर सोडून ठेवावी.

कोणत्या गाडीला किती दिवस?

प्रत्येक गाडीबरोबर मिळालेले पुस्तक हाच शेवटचा शब्द. ते बाहेर काढून पाहिले तर किलोमीटरच्या पुढे "किंवा" असा शब्द दिसेल. आज बहुतेक पेट्रोल मोटारींना "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते" असे लिहिलेले असते. आपण "किंवा"च्या अलीकडचे वाचतो आणि पलीकडचे सोडून देतो. महिना दीडशे किलोमीटर फिरणारी गाडी १०,००० पुरे करायला साडेपाच वर्षे घेईल. एवढी वर्षे तेच ऑइल ठेवण्याची परवानगी कोणत्याही कंपनीने दिलेली नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वर्षाची सर्व्हिस चुकवणे अधिकच महागात पडते. सबब बिल जपून ठेवावे.

*पेट्रोल मोटार, महिन्यातून दोन-तीनदा तरी लांब जाणारी :* वर्षातून एकदा.

*पेट्रोल मोटार, फक्त वस्ती ते गाव एवढीच फिरणारी :* तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, धुळीचा रस्ता, सतत थांबत जाणे याला कंपन्या "कठीण वापर" म्हणतात आणि मुदत कमी करायला सांगतात. अशा गाडीला सहा महिन्यांनी ऑइल पाहावे. पातळी चढलेली, वास पेट्रोलचा किंवा रंग दुधाळ दिसला तर तेव्हाच बदलावे, नाहीतर वर्षाला.

*२०२० नंतरची डिझेल मोटार :* इथे जास्त सावध राहावे. ह्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. जाळी भरली की इंजिन जादा डिझेल सोडून ती सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. ह्यासाठी गाडी हमरस्त्यावर एका वेगाने काही वेळ चालावी लागते. मध्येच गाडी बंद केली तर जादा डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरते. गेजपट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. "आमची गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते," असे कोणी कौतुकाने म्हणाले तर त्यांना तातडीने फिटरकडे पाठवावे. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते आणि बेअरिंग घासते. जे वर्षभर फक्त गावातच फिरणार त्यांनी मुळात डिझेल मोटार घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

*जुनी डिझेल जीप, पिकअप :* वर्षातून एकदा. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेलचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी पोटात घेते. ते त्याचे कामच आहे.

*ट्रॅक्टर :* इथे किलोमीटर नव्हे, तासांचे मीटर बघायचे. अनेक ट्रॅक्टरांना २५० तासांची मुदत असते, काही नव्या मॉडेलांना त्याहून जास्त. पुस्तक पाहावे. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा हिशेब करून बघा : हंगामाचे १२० दिवस, दिवसाला ८ तास, म्हणजे ९६० तास. २५० तासांना एक बदल धरला तर एका हंगामात चार वेळा ऑइल बदलायला हवे. यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन सुरू ठेवून बसतो तो वेळही ह्यात धरायचा. नंबरात उभे असताना इंजिन बंद करा, असे आम्ही सांगतो ते नुसते डिझेल वाचावे म्हणून नव्हे.

याउलट दोन-तीन एकरांच्या सभासदाचा ट्रॅक्टर वर्षात ८०-१०० तासच चालतो. त्यालाही नियम तोच : तास भरोत न भरोत, वर्षातून एकदा.

उभी करण्याआधी की बाहेर काढताना?

हा मुद्दा बहुतेक जण उलटा धरतात. हंगाम संपला की ट्रॅक्टर आहे तसा शेडमध्ये लावतात आणि दसऱ्याला बाहेर काढताना ऑइल बदलतात. म्हणजे हंगामभराचे काळे, आंबट, पाणी धरलेले ऑइल ऐन पावसाळ्याचे चार-सहा महिने बेअरिंगला चोळत बसते, आणि नुकसान होऊन गेल्यावर स्वच्छ ऑइल येते.

बरोबर रीत अशी : शेवटची खेप टाकून आल्यावर, इंजिन गरम असतानाच ऑइल उतरवावे. नवा फिल्टर, नवे ऑइल घालून दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवावे म्हणजे ताजे ऑइल सगळीकडे पोचते. मग ट्रॅक्टर शेडमध्ये लावावा. डिझेलची टाकी भरून ठेवावी, नाहीतर रिकाम्या जागेत ओल धरते. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा, पावसाचे पाणी आणि पाखरांची घरटी दोन्ही टळतात. हंगामाच्या तोंडी गेजपट्टी काढून बघावी. ऑइल स्वच्छ असेल तर त्याच ऑइलवर पुढची मुदत मोजावी.

चारचाकीसाठी एक दिवस ठरवून टाकावा. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो, लिंबू बांधतो. त्याच आठवड्यात ऑइल बदलले तर तारीख लिहून ठेवण्याचीही गरज नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या बैलगाडीला वंगणाचे नळकांडे कायम टांगलेले असायचे. गाडी चार दिवस जुंपली नाही तरी आखाला वंगण घातल्याशिवाय ते बैल जुंपत नसत. हार त्यांनी घातलाच, पण वंगण आधी.

घरच्या घरी पारख

१. गाडी सपाट जागी लावावी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी गेजपट्टी पुसून पुन्हा घालून बघावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर इंजिन खाते किंवा गळते. वाढले असेल तर त्यात पाणी किंवा इंधन आले.

२. ऑइल ओतायचे झाकण काढून आतून बघावे. फक्त झाकणाला दुधाळ खवा लागला असेल आणि गेजपट्टी स्वच्छ असेल, तर छोट्या फेऱ्यांमुळे जमलेली ओल समजावी. लांब फेरी मारून पुन्हा पाहावे. पण गेजपट्टीवरही ऑइल चहासारखे दिसते आणि रेडिएटरचे पाणी घटते आहे, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मग गाडी चालवू नये.

३. वास घ्यावा. पेट्रोल-डिझेलचा उग्र वास आला तर ऑइल पातळ झाले.

४. टीपकागदावर एक थेंब टाकून तासाभराने बघावे. थेंब सारखा पसरून कडेपर्यंत करडा झाला तर ऑइल अजून काजळी पेलते आहे. मध्यभागी काळा ठिपका घट्ट बसून भोवती पिवळट कडे उमटले, तर ते थकले.

५. जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर (स्वयंपाकाच्या तव्यावर नव्हे) पत्रा तापवून, जाळापासून बाजूला घेऊन, एक थेंब टाकावा. चरचर आवाज झाला तर पाणी आहे. हात आणि डोळे सांभाळावेत.

ह्या पारखीने बिघाड लवकर कळतो. पण ऑइलमधली निवळी किती उरली हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून "दिसायला चांगलं आहे" ह्यावर वर्षाची मुदत पुढे ढकलू नये.

कोणते ऑइल, आणि कसे बदलावे

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. पहिली जाडी, जसे १५ डब्ल्यू-४० किंवा ५ डब्ल्यू-३०. पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा तापल्यावरच्या जाडीचा. दुसरी गोष्ट दर्जाची अक्षरे : पेट्रोलसाठी एस.एन., एस.पी., तर डिझेलसाठी सी.एच.-४, सी.आय.-४, सी.के.-४. पुस्तकात असेल तेच घ्यावे. "जाड ऑइल घातलं की इंजिन मजबूत" ही समजूत नव्या इंजिनांना घातक आहे. बारीक वाटांतून जाड ऑइल सुरू करतानाच्या पहिल्या क्षणांत पोचत नाही आणि झीज तिथेच होते. काजळीची जाळी असलेल्या डिझेल गाडीला राख कमी असलेलेच ऑइल लागते, नाहीतर जाळी कायमची तुंबते. सुटे ऑइल घेऊ नये. सील आणि तारीख बघून डबा घ्यावा, बिल घ्यावे.

बदलताना इंजिन कोमट असावे म्हणजे गाळ ऑइलबरोबर उतरतो. खालचा नट काढून दहा-पंधरा मिनिटे पूर्ण निथळू द्यावे. फिल्टर दर वेळी बदलावा. जुन्या फिल्टरवर नवे ऑइल म्हणजे घाण भांड्यात ताजे दूध. नटाचा वायसर नवा घालावा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे भरू नये, कारण क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. भरल्यावर मिनिटभर चालवून, बंद करून, पातळी पुन्हा पाहावी.

खर्चाचे म्हणाल तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. लहान मोटारीचे ऑइल आणि फिल्टर साधारण एका टनाच्या पैशात बसते. बेअरिंग जाऊन क्रँक काढायची वेळ आली तर तेच बिल कित्येक टनांवर जाते, आणि तेवढ्या उसाला लागलेले पाणी, खत आणि बारा-अठरा महिने परत मिळत नाहीत.

जळकं ऑइल विहिरीपासून लांब

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उतरवलेले जळके ऑइल आपण बांधावर, ओढ्यात, विहिरीशेजारी ओततो. कोणी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, कोणी जनावराच्या जखमेला लावतात. हे सर्व बंद केले पाहिजे. जळक्या ऑइलमध्ये बेअरिंगची धातू आणि कर्करोगाला कारण होऊ शकणारी द्रव्ये असतात. जनावराने ते चाटले तर विषबाधा होते. एका मोटारीचे ऑइल दहा लाख गॅलन पाणी नासवू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे सांगणे आहे. तीच विहीर आपण पितो आणि तेच पाणी ठिबकातून उसाला देतो.

२०१६ च्या नियमांनी वापरलेले ऑइल हा घातक कचरा ठरवला आहे. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. जळके ऑइल शुद्ध होऊन पुन्हा वंगण बनते. म्हणून घरी ऑइल बदलले तर ते रिकाम्या डब्यात भरावे, त्यात पाणी, पेट्रोल, रॉकेल मिसळू नये, आणि डबा जेथे असे ऑइल अधिकृतपणे गोळा होते त्या गॅरेजला द्यावा. हात साबणाने धुवावेत.

थोडक्यात टाचण

- किलोमीटर किंवा तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर.
- ट्रॅक्टरचे ऑइल हंगाम संपल्यावर, उभा करण्याआधी बदलावे.
- रोज पाच मिनिटे सुरू ठेवू नये. पंधरा-वीस दिवसांनी २०-२५ किलोमीटर सलग चालवावे.
- गेजपट्टीवर ऑइल वाढलेले किंवा दुधाळ दिसले तर गाडी थांबवून फिटरला दाखवावी.
- बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा खडूने नव्हे, रंगाने किंवा चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत लावावा.
- जळके ऑइल जमिनीत नाही, पाण्यात नाही, जनावराला नाही.

हे टाचण कापून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवावे आणि गाडी मुलांच्या किंवा ड्रायव्हरच्या हातात असेल तर त्यांना वाचून दाखवावे. हंगामाच्या पहिल्या खेपेला सर्वांच्या गाड्या एका किल्लीत सुरू होऊन यार्डात वेळेवर पोचाव्यात, एवढीच आमची इच्छा.